कौन्सिलची मुलं, कौन्सिलचे कागद

इंग्लंडमध्ये एखाद्या मुलाला घरी ठेवणं धोक्याचं आहे असं कोर्टाला पटलं, की ते मूल कौन्सिलच्या स्वाधीन होतं. कौन्सिल म्हणजे ढोबळमानाने आपली महापालिका किंवा जिल्हा परिषद. मात्र तिच्याकडे रस्ते आणि कचऱ्याच्या जोडीला पालकत्वही असतं. १९८९ च्या चिल्ड्रन अ‍ॅक्टच्या कलम ३१ खाली हुकूम निघाला, की कौन्सिलला आईबापांच्या बरोबरीने, आणि वेळ पडल्यास त्यांच्यावर वरचढ, पालकाचे अधिकार मिळतात. कलम २० खाली आईबापांच्या संमतीने, हुकुमाशिवायही मूल तिच्याकडे राहू शकतं. ३१ मार्च २०२४ रोजी इंग्लंडमधल्या कौन्सिलांकडे मिळून अशी ८३,६३० मुलं होती. साधारण दोन तृतीयांश फॉस्टर, म्हणजे दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या, कुटुंबांत, बाकीची बालगृहांत, थोडी कौन्सिलच्या देखरेखीखाली स्वतःच्याच घरी, आणि सोळा-सतरा वर्षांची काही भाड्याच्या खोल्यांत.

सरकारी पैशावर, सरकारी पालकाच्या हाताखाली वाढणाऱ्या या मुलांबद्दल विचारायचा हक्क कोणाला आहे, आणि विचारलं तर हाती काय पडतं, हा इथला प्रश्न.

माहिती मागायच्या वाटा दोन. पहिली फ्रीडम ऑफ इन्फर्मेशन अ‍ॅक्ट, २००० ची. कोणीही, कारण न सांगता, सरकारी कार्यालयाला काहीही विचारावं. हा कायदा १ जानेवारी २००५ पासून अमलात आला. स्कॉटलंडचा कायदा स्वतंत्र, २००२ चा, पण अंमल त्याच दिवसापासून. दुसरी वाट डेटा प्रोटेक्शन कायद्याची. ज्याच्याबद्दल कागद आहेत त्याने आपले स्वतःचे कागद मागावेत. पहिल्या वाटेने पत्रकार, संस्था, संशोधक जातात आणि त्यांना आकडे हवे असतात. दुसरीने जातात ती एकेकाळची मुलं, आता चाळिशी-साठीला पोचलेली माणसं, ज्यांना आपल्याला घरातून का काढलं, भाऊ कुठे गेला, आई भेटायला आली होती का, हे हवं असतं.

दोन्ही वाटांवर आडवा येणारा शब्द एकच, गोपनीयता. तो नेहमी मुलाच्या नावाने उच्चारला जातो आणि कित्येकदा त्यात मुलाचं हित खरंच असतं. पण सगळा हिशेब मांडला, तर या शब्दाचा आडोसा मुलांपेक्षा संस्थांनाच जास्त लाभला आहे असं माझं मत आहे.

आधी पहिली वाट. अर्ज साध्या ई-मेलने चालतो. फी नाही, ठरावीक नमुना नाही, उत्तराला कामाचे २० दिवस. अर्जदार ब्रिटिश असायची गरज नाही. कोल्हापुरात बसून कोणीही बर्मिंगहॅमला विचारू शकतो, की तुमच्या ताब्यातली किती मुलं तुम्ही शहराबाहेर ठेवली आहेत. आपला २००५ चा माहिती अधिकार कायदा नागरिकांपुरता आहे आणि दहा रुपये घेतो. पण आपल्याकडे विनाकारण माहिती अडवणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, असा स्वतःच्या खिशातून दंड भरावा लागू शकतो. तिकडे उशिराबद्दल असा वैयक्तिक दंड नाही. माहिती आयुक्तांचं कार्यालय समज देतं, नोटीस काढतं, आणि प्रकरण बहुधा तिथेच निवतं.

गाडं अडतं ते कलम १२ पाशी. माहिती शोधायला कौन्सिलला ४५० पौंडांपेक्षा जास्त खर्च येणार असेल तर ती नकार देऊ शकते. तासाचे २५ पौंड धरले, की झाले १८ तास. हे दर २००४ च्या नियमांतले, आजही तेच. आता समजा कोणी विचारलं, ‘गेल्या पाच वर्षांत तुम्ही किती मुलांना भावंडांपासून वेगळं ठेवलंत, आणि का?’ प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्यातला ‘का’ सोशल वर्करच्या नोंदींच्या पोटात असतो, कुठल्या रकान्यात नसतो. एक फाइल चाळायला २० मिनिटं धरा. १८ तासांत ५४ फायली होतात. ज्या कौन्सिलकडे ४०० मुलं आहेत ती दोन ओळींचं पत्र पाठवते: खर्चाची मर्यादा ओलांडत असल्याने माहिती देता येत नाही. कायद्याने यात काही वावगं नाही.

मुरलेला अर्जदार असं विचारतच नाही. दरवर्षी प्रत्येक कौन्सिल शिक्षण खात्याला एक विवरण भरून देते, हे त्याला ठाऊक असतं. त्याचं नाव एसएसडीए ९०३, कर्मचाऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘नाइन-ओ-थ्री’. त्यात प्रत्येक मुलामागे कोडांची रांग असते. सी-२ म्हणजे पूर्ण केअर ऑर्डर, व्ही-२ म्हणजे आईबापांच्या संमतीने आलेलं, के-२ म्हणजे बालगृह, एम म्हणजे बेपत्ता. ‘३१ मार्चला व्ही-२ असलेली आणि के-२ मध्ये ठेवलेली मुलं किती, वयोगटानुसार द्या’ असं विचारलं की उत्तर संगणकातून काही मिनिटांत निघतं आणि वेळेची सबब उरत नाही. खरं तर कलम १६ प्रमाणे, प्रश्न कसा बदलला तर उत्तर देता येईल हे अर्जदाराला सुचवणं कौन्सिलचंच काम आहे. काही ठिकाणचे माहिती अधिकारी ते मनापासून करतात. बाकीच्या ठिकाणी नकाराचं छापील पत्र येतं आणि अर्जदाराने आपलं डोकं लढवायचं असतं.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. सार्वजनिक चर्चा रकान्यांत मावेल तेवढीच होते. मुलाला वर्षात किती वेळा घर बदलावं लागलं हे कळतं, कारण त्याला रकाना आहे. एका घरातून दुसऱ्या घरी पाठवताना मुलाचं सामान कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांत कोंबून दिलं जातं, ही ब्रिटनमधली जुनी आणि मुलांना फार लागणारी तक्रार आहे. नाइन-ओ-थ्रीमध्ये पिशवीचा कोड नाही.

तरीही या वाटेने जे आलं ते थोडंथोडकं नाही. एकपॅट यूके आणि मिसिंग पीपल या संस्थांनी देशभरच्या कौन्सिलांना माहितीच्या कायद्याखाली एकच प्रश्नावली धाडली. तस्करीतून सोडवलेली, आणि आईबापांशिवाय आश्रयाला आलेली किती मुलं तुमच्या ताब्यातून बेपत्ता झाली? २०१६ च्या त्यांच्या अहवालात आकडे आले. सप्टेंबर २०१४ पासूनच्या एका वर्षात तस्करीच्या मुलांपैकी २८ टक्के आणि एकट्या आलेल्यांपैकी १३ टक्के मुलं निदान एकदा बेपत्ता झाली होती. शोषणातून सोडवून सुरक्षित जागी आणलेल्या दर चार मुलांमागे एकाहून जास्त मूल त्या ‘सुरक्षित’ जागेतून नाहीसं होतं, हे तोवर कोणी एकत्र मांडलेलं नव्हतं. त्याच संस्थांनी २०१८ आणि २०२२ मध्ये पुन्हा तीच प्रश्नावली फिरवली. ही चिकाटी महत्त्वाची. एका वर्षाचा आकडा बातमी होतो आणि विरून जातो, तोच प्रश्न तिसऱ्यांदा आला की कौन्सिल नोंद ठेवायला लागते.

या प्रश्नाने पुढे फार वाईट वळण घेतलं. २०२१ च्या जुलैपासून ब्रिटनच्या गृह खात्याने एकट्या आलेल्या मुलांना थेट हॉटेलांत ठेवायला सुरुवात केली. म्हणजे कौन्सिलचं पालकत्व नाही, नाइन-ओ-थ्री नाही, रकाना नाही. जानेवारी २०२३ मध्ये ब्रायटनजवळच्या हॉटेलातून मुलं पळवली जात असल्याची बातमी ‘ऑब्झर्व्हर’ने छापली, तेव्हा मंत्री रॉबर्ट जेन्रिक यांना संसदेत सांगावं लागलं की २०० मुलं बेपत्ता आहेत. एकपॅट यूके कोर्टात गेली आणि जुलै २०२३ मध्ये हायकोर्टाने मुलांना असं सर्रास हॉटेलांत ठेवणं बेकायदा ठरवलं.

संशोधकांनीही ही वाट वापरली. सेंट्रल लँकेशायर विद्यापीठाचे अँडी बिल्सन यांनी इंग्लंडच्या कौन्सिलांकडे याच कायद्याखाली आकडे मागितले आणि एक वेगळं चित्र काढलं. सरकारी आकडेवारी दरवर्षी किती मुलांबद्दल तक्रार आली ते सांगते. बिल्सन यांनी एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांचा माग काढला. पाचवा वाढदिवस येईपर्यंत दर पाचांतल्या एका मुलाचं नाव समाजसेवा खात्यापर्यंत पोचलेलं होतं, आणि दर एकोणिसांतल्या एकाची औपचारिक चौकशी झाली होती. संशयाचं जाळं इतकं रुंद पडतं हे त्या खात्यातल्या माणसांनाही नवं होतं. हे आकडे सरकारकडे नव्हते असं नाही. ते या मांडणीत कोणी मागितले नव्हते.

इथे एक सावधगिरीची सूचना. अशा पाहण्यांत सगळ्या कौन्सिली उत्तर देत नाहीत, आणि देतात त्या एकाच शब्दाचा एकच अर्थ धरत नाहीत. एकीच्या लेखी रात्री अकराला परतलेली मुलगी बेपत्ता, दुसरीच्या लेखी ती नुसती परवानगीशिवाय बाहेर. त्यासाठी नाइन-ओ-थ्रीमध्ये ‘ए’ हा वेगळा कोडच आहे. अशा आकड्यांची बेरीज करून मथळा देणारी वर्तमानपत्रं मी गंभीरपणे घेत नाही. कोणत्या कौन्सिलने काय मोजलं हे सांगणारा तक्ता सोबत असेल तरच त्या बेरजेला अर्थ.

लहान आकड्यांचा तिढा याहून अवघड आहे. कौन्सिलांच्या उत्तरांत ‘पाचपेक्षा कमी’ अशी नोंद पावलोपावली भेटते. लहान गावात तेरा वर्षांची, बंद बालगृहात ठेवलेली मुलं ‘दोन’ असं छापलं, तर ती दोन मुलं कोण हे शेजारच्या शाळेला लगेच कळतं. म्हणून आकडा झाकतात. पण नुसता एक आकडा झाकून भागत नाही. एकूण २३, पहिल्या गटात ११, दुसऱ्यात ९ आणि तिसऱ्यात ‘पाचपेक्षा कमी’ असं लिहिलं, तर तिसऱ्यात ३ आहेत हे चौथीतलं पोरही सांगेल. मग दुसराही रकाना झाकावा लागतो, आणि तक्ता बघता बघता चाळणी होतो.

यावरचा सर्वांत गाजलेला खटला स्कॉटलंडचा, तोही मुलांबद्दलचा. डम्फ्रीस आणि गॅलोवे भागात १९९० ते २००३ या काळात किती मुलांना रक्ताचा कर्करोग झाला, हे प्रत्येक लहान वॉर्डागणिक मागितलं गेलं. आरोग्य यंत्रणेने आकडे लहान आहेत म्हणून नकार दिला. माहिती आयुक्तांनी तोडगा काढला: आकड्यांत मुद्दाम थोडी घालमेल करा. १ असेल तिथे शून्य किंवा एक मिळवा, २ ते ४ असतील तिथे एक मिळवा, वजा करा किंवा तसंच ठेवा, शून्य असेल तिथे शून्यच ठेवा. २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने याचा निकाल देताना खरा प्रश्न नेमका धरला. घालमेलीनंतर त्या आकड्यांवरून कोणा मुलाला ओळखता येतं का? येत नसेल तर ती ‘वैयक्तिक माहिती’ उरतच नाही. हा निकाल काटेकोर आहे, त्याच्या मागून आलेली सवय नाही. कित्येक कौन्सिली आज ओळखता येतं की नाही याचा विचारच करत नाहीत, आकडा पाचाच्या आत दिसला की झाकून मोकळ्या होतात. आख्ख्या काउंटीत वर्षभरात तीन मुलांना बेकायदा, नोंदणी नसलेल्या जागी ठेवलं, हा आकडा झाकून त्या तीन मुलांचं काय रक्षण झालं? तो उघडा असता तर कौन्सिलला विचारणारा कोणीतरी निघाला असता.

त्याच वेळी भीती खोटी नाही हेही सांगायला हवं. २०१२ मध्ये लंडनच्या इस्लिंग्टन कौन्सिलने एका माहिती अर्जाला एक्सेलच्या फायलींत उत्तर दिलं. वरवर नुसती बेरीज दिसत होती, आत लपलेल्या तक्त्यांत दोन हजारांहून जास्त रहिवाशांची खाजगी माहिती तशीच होती, आणि ती इंटरनेटवर गेली. कौन्सिलला ७०,००० पौंड दंड झाला. ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर आयर्लंडच्या पोलिसांनी याहून मोठा घोळ घातला. असंच एक उत्तर, अशीच एक न दिसणारी शीट, आणि साडेनऊ हजारांच्या आसपास पोलीस कर्मचाऱ्यांची नावं जगजाहीर. त्यांना साडेसात लाख पौंडांचा दंड झाला. ही दोन्ही प्रकरणं मुलांची नव्हती. मुलांची असती तर काय झालं असतं, या विचाराने बालसेवा विभागातला माहिती अधिकारी बटण दाबायच्या आधी दहादा थांबतो, आणि त्यात त्याचं चूक नाही. उपायही साधा आहे: एक्सेल न पाठवता मजकुराची साधी सीएसव्ही फाइल पाठवायची.

मला खरा राग आहे तो पैशाच्या गुपिताचा. इंग्लंडमधल्या बालगृहांतल्या तीन चतुर्थांशाहून जास्त जागा आता कौन्सिलबाहेरच्या, मुख्यतः खाजगी कंपन्यांच्या आहेत. तिथल्या स्पर्धा आयोगाने मार्च २०२२ मध्ये या बाजाराचा अहवाल दिला. मोठ्या कंपन्यांचा बालगृहांवरचा सरासरी नफा २२.६ टक्के, फॉस्टर एजन्सींचा १९.४ टक्के, आणि बालगृहातल्या एका जागेचा सरासरी भाव आठवड्याला ३,८३० पौंड. आयोगाला कागद मागवायचे अधिकार होते म्हणून हे कळलं. सामान्य अर्जदार ‘अमुक कंपनीला एका मुलामागे किती देता’ विचारायला गेला तर कलम ४३ दाखवून परत पाठवला जातो. व्यापारी हितसंबंध! युक्तिवाद असा, की भाव उघड झाला तर कौन्सिलची घासाघीस करायची ताकद जाईल. कौन्सिलांच्याच संघटनेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत आठवड्याला १०,००० पौंडांहून महाग जागांची संख्या २०१८-१९ मधल्या १२० वरून २०२२-२३ मध्ये दीड हजारांच्या वर गेलेली दिसली. एवढं गुपित पाळून घासाघिशीत कोण जिंकलं हे त्यातून दिसतंच.

शिवाय खाजगी बालगृह स्वतः या कायद्याच्या कक्षेत नाही. कंपनी कौन्सिलच्या वतीने जी माहिती सांभाळते ती मागता येते, पण कोणती माहिती ‘वतीने’ आणि कोणती कंपनीची स्वतःची, हे करारात क्वचितच स्पष्ट असतं. त्या बालगृहात किती वेळा पोलीस बोलवावे लागले, किती कर्मचारी वर्षात सोडून गेले, मुलांना किती वेळा धरून ठेवावं लागलं, हे सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या पालकत्वाचे प्रश्न आहेत. २०१९ च्या जानेवारीत तेव्हाच्या माहिती आयुक्त एलिझाबेथ डेनम यांनी, सरकारी कामं घेणाऱ्या कंपन्यांना हा कायदा लावावा अशी शिफारस संसदेला केली. कायदा आहे तिथेच आहे.

गोपनीयतेने मुलांचं नुकसान कसं होतं याचं सर्वांत कडू उदाहरण रॉचडेलचं. तिथे मुलींचं लैंगिक शोषण करणाऱ्या टोळीला २०१२ मध्ये शिक्षा झाल्या. त्या वेळच्या नियमांप्रमाणे बालगृहांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेडला आपल्याकडचे बालगृहांचे पत्ते पोलिसांनाही देता येत नव्हते. हेतू मुलांच्या सुरक्षेचा होता. झालं असं, की गुन्हेगारांना बालगृह कुठे आहे हे माहीत होतं, पोलिसांना नव्हतं. २०१३ मध्ये तेव्हाचे शिक्षणमंत्री मायकेल गोव्ह यांनी या मूर्खपणाबद्दल जाहीर लेख लिहिला, नियम बदलले, आणि बालगृहांचा मोठा डेटा पहिल्यांदा प्रसिद्ध झाला. बालगृहं जिथे मुलांची गरज आहे तिथे नसून घरं स्वस्त आहेत तिथे गर्दी करून आहेत, विशेषतः वायव्य इंग्लंडमध्ये, हे त्यातून दिसलं. पत्ते आजही सर्वसामान्यांसाठी प्रसिद्ध होत नाहीत आणि ते बरोबरच आहे. एवढं उघड करूनही कोणा मुलाचं नाव बाहेर गेलं नाही.

आईबापांचं काय? ज्यांची मुलं नेली ते बिचारे बरेचदा चुकीचं दार ठोठावतात. माहितीच्या कायद्याखाली दिलेलं उत्तर हे जगाला दिलेलं उत्तर मानलं जातं. त्यामुळे ‘माझ्या मुलीची फाइल द्या’ या अर्जाला तिथे नकारच मिळणार. त्यांनी कोर्टातली कागदपत्रं वकिलामार्फत मिळवायची असतात. पण कुटुंब न्यायालयातलं काम दशकानुदशकं बंद दाराआड चाललं, बाहेर बोललं तर कोर्टाचा अवमान, आणि मग संतापलेला बाप एकाच कौन्सिलला अर्जांवर अर्ज करत सुटतो, शेवटी कलम १४ खाली ‘त्रासदायक’ ठरतो. या माणसांची टिंगल सोपी आहे. दार उघडायची पद्धत न्यायालयांनी बदलली तेव्हा तणाव थोडा सैलावला: जानेवारी २०२३ मध्ये लीड्स, कार्डिफ आणि कार्लाइल इथे पत्रकारांना नावं न घेता वार्तांकन करू देण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि जानेवारी २०२५ पासून तो इंग्लंड-वेल्सच्या सगळ्या कुटुंब न्यायालयांत लागू झाला.

आता दुसरी वाट, आपल्याच फायलीची. तिचा इतिहास लिव्हरपूलच्या ग्रॅहम गॅस्किनपासून सुरू होतो. आई वारली आणि १९६० च्या सप्टेंबरात, नऊ महिन्यांचा असताना, तो कौन्सिलकडे आला. जवळजवळ सगळं बालपण तिथेच गेलं. आपल्याला नीट वागवलं गेलं नाही असं त्याचं म्हणणं होतं. मोठा झाल्यावर कौन्सिलवर दावा लावायचा म्हणून त्याने फाइल मागितली. फायलीत सुमारे ३५२ कागद होते, ते लिहिणारी माणसं ४६: डॉक्टर, शिक्षक, पोलीस, फॉस्टर आईबाप. कौन्सिल म्हणाली, ज्याने कागद लिहिला त्याची संमती आली तर देऊ. १९८६ मध्ये १९ जणांच्या संमतीने ६५ कागद त्याच्या वकिलांकडे पोचले. बाकीच्यांनी नाही म्हटलं, किंवा ते सापडलेच नाहीत. ७ जुलै १९८९ रोजी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने ११ विरुद्ध ६ मतांनी निकाल दिला. लिहिणाऱ्यांचा विश्वास जपणं समजण्यासारखं आहे, पण लिहिणारा नकार देत असेल किंवा उत्तरच देत नसेल, तर अखेरचा निर्णय घेणारी स्वतंत्र यंत्रणा हवी. ती नव्हती, म्हणून ब्रिटनने त्याच्या खाजगी आणि कौटुंबिक आयुष्याच्या हक्काचा भंग केला. भरपाई ५,००० पौंड. संपूर्ण फाइल मिळण्याचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही.

त्यानंतरच्या पिढीतलं सर्वांत ठळक नाव कवी लेम सिसे यांचं. जन्म १९६७, आई इथिओपियाहून शिकायला आलेली. मुलाला विगन कौन्सिलने फॉस्टर कुटुंबात ठेवलं आणि नाव दिलं नॉर्मन. बाराव्या वर्षी त्या कुटुंबाने त्याला परत केलं, पुढची वर्षं बालगृहांत गेली. खरं नाव त्यांना सतराव्या वर्षी जन्मदाखल्यावर वाचायला मिळालं, आणि त्याबरोबर आईचं एक पत्र, मुलगा परत द्या म्हणून लिहिलेलं. बाकी फाइल मिळवायला पुढे अनेक वर्षं मागे लागावं लागलं. ती २०१५ मध्ये हाती आली. २०१९ च्या त्यांच्या आत्मकथनात त्या फायलीतले कागद तसेच्या तसे छापलेले आहेत आणि त्यांच्या शेजारी त्या मुलाच्या आठवणी. कौन्सिलच्या भाषेत मूल कसं दिसतं आणि मुलाला स्वतःला ते दिवस कसे होते, हे एकाच पानावर वाचायला मिळणं ही विलक्षण गोष्ट आहे. माझ्या मते या विषयावर कुठल्याही समितीच्या अहवालापेक्षा ते पुस्तक आधी वाचावं.

आज कायदा बराच मोकळा आहे. २०१८ पासून अर्जाला फी नाही, मुदत एक महिना, गुंतागुंत असेल तर आणखी दोन. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष थांबलेली माणसं पुष्कळ आहेत. आणि फाइल येते ती काळ्या पट्ट्यांनी भरलेली. इतरांची माहिती झाकायची म्हणून भावाचं नाव काळं, आईचा आजार काळा, आणि मग सोशल वर्करचं नावही काळं. हे शेवटचं तर कायद्यालाही धरून नाही. २०१८ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात, कामाचा भाग म्हणून नोंद करणाऱ्या सोशल वर्करची, शिक्षकाची, आरोग्य कर्मचाऱ्याची ओळख देणं वाजवी मानावं असं लिहिलेलं आहे. तरी पट्टी फिरते, कारण झाकलं तर कोणी जाब विचारत नाही आणि उघडं ठेवलं तर कोणीतरी विचारेल. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या मिरा या प्रकल्पात केअरमध्ये, म्हणजे कौन्सिलच्या ताब्यात, वाढलेल्या माणसांसोबत याचा अभ्यास झाला. फाइल मुलासाठी लिहिलेलीच नसते, हे मूळ दुखणं आहे. वाढदिवस, आवडीचा खेळ, एखादा फोटो शोधायला माणूस येतो आणि त्याला बैठकांची इतिवृत्तं मिळतात.

कागदच हरवले तर? स्कॉटलंडमध्ये टॉम शॉ यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या बालगृहांचा आणि निवासी शाळांचा आढावा २००७ मध्ये सादर केला तेव्हा त्यांना अनेक ठिकाणी नोंदीच सापडल्या नाहीत. त्यातून सार्वजनिक नोंदींचा नवा कायदा २०११ मध्ये झाला. केअरमधल्या मुलांच्या हरवलेल्या फायलींमुळे एका देशाची सगळी दप्तरव्यवस्था बदलावी लागली. इंग्लंडमध्ये बाल लैंगिक अत्याचारांच्या स्वतंत्र चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०२२ च्या अंतिम अहवालात अशा अत्याचारांच्या नोंदी ७५ वर्षं राखाव्यात आणि त्या मिळण्यासाठी आचारसंहिता करावी, असं सुचवलं.

आपल्याकडे मुलांची जबाबदारी महापालिकेची नाही, राज्याच्या महिला व बालविकास विभागाची आणि जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीची. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मुलाची ओळख छापण्याला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. चिंता आहे ती माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) ची. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने त्यातली जनहिताची अट काढून ‘वैयक्तिक माहिती’ सरसकट वगळली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून ते अमलात आलं. कलम ८(२) मधली जनहिताची वाट अजून शिल्लक आहे, पण ती अर्जदाराने दाखवून द्यावी लागते. बालगृहाच्या अधीक्षकाच्या नेमणुकीबद्दल विचारलं तरी ‘वैयक्तिक’ म्हणून परत पाठवायची सोय झाली आहे. मुंबई-पुण्याच्या संस्थांतून परदेशी दत्तक गेलेली माणसं आज पन्नाशीला येऊन आपले कागद शोधतात. केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या नियमांत ‘रूट सर्च’ आहे, पण कपाटात कागदच नसतील तर नियम काय करणार? ब्रिटनकडून घ्यायचं ते त्यांच्या चुकांवरून: आकडे सढळ हाताने द्या, नावं जपा, आणि ज्याचं नाव आहे त्याला त्याची फाइल द्या.

ब्रिटनमध्ये केअरमध्ये वाढलेलं कोणी हे वाचत असेल, किंवा तुमच्या ओळखीत कोणी असेल, तर एक कामाची गोष्ट. इंग्लंडमध्ये अशा मुलाची फाइल त्याच्या ७५ व्या वाढदिवसापर्यंत राखणं कौन्सिलवर बंधनकारक आहे, त्यानंतर नाही. हा नियम १९९१ पासूनचा. त्याआधीच मोठी झालेल्यांच्या फायली राहिल्या तर नशीब. हीच मुदत त्यांना लावली, तरी १९५० च्या सुमारास जन्मलेल्यांची ती आता संपते आहे. अर्ज सध्याच्या कौन्सिलला करायचा, जिने तेव्हा ताबा घेतला तिच्या वारसदाराला. १९६५ मध्ये लंडनच्या आणि १९७४ मध्ये बाकी इंग्लंडच्या हद्दी बदलल्या, तेव्हा आधी ते तपासा. जुन्या लंडन काउंटी कौन्सिलच्या नोंदी लंडन आर्काइव्ह्जमध्ये आहेत. ओळखीचा पुरावा आणि त्या काळचे पत्ते जोडा, काळ्या पट्ट्यांचं कारण लेखी मागा, आणि सोशल वर्करचं नाव झाकलं असेल तर २०१८ च्या कायद्याचं दुसरं परिशिष्ट दाखवा. अर्ज फुकट आहे. उशीर करू नका.